मॅलकी टूहीने विकलेलं पाणी

असं म्हणत, की मॅलकी टूहीने आगीच्या बंबातलं पाणी सिनेमावाल्यांना विकलं, आणि म्हणून म्हातारा थेडी लॅली मेला.

म्हणत म्हणजे मोठ्याने कोणी म्हणत नसे. आयर्लंडमधल्या आमच्या ड्रमशीलन गावात मोठ्याने बोलायचे विषय दोनच, हवामान आणि हर्लिंगचा, म्हणजे आमच्या काठी-चेंडूच्या खेळाचा, सामना. बाकी सगळं हळू आवाजात. पोस्टाच्या खिडकीमागे मिस क्यूसॅक तिकीट ओलं करता करता पुटपुटायची, "मी काही म्हणत नाही हं, पण टाकी कोरडी होती म्हणतात." झालं! आमच्याकडे "मी काही म्हणत नाही" असं सुरू झालेलं वाक्य सकाळी पोस्टातून निघतं आणि दिवेलागणीला पाद्रीबाबांच्या स्वयंपाकघरात चहा पीत बसलेलं असतं. वाटेत त्याला हातपाय फुटतात. टाकी कोरडी होती, इथून निघालेली गोष्ट चर्चच्या पायऱ्यांपर्यंत येईतो मॅलकीने त्या पाण्याच्या पैशांत नवी सायकल घेतल्याचंही ठरून गेलं होतं. सायकल जुनीच होती. त्याने तिला त्या आठवड्यात तेल घातलं होतं, एवढंच.

मॅलकी हा आमच्या गावातला सगळ्यात रागीट माणूस. इतर गावांना मनोरे असतात, पवित्र विहिरी असतात, आम्हांला मॅलकीचा राग होता. सहकारी दुकानात तो खिळे, काटेरी तार, मेंढ्यांचं खाद्य असलं सामान विकायचा, आणि लोक खिळ्यांपेक्षा त्याचं चिडणं बघायला जास्त यायचे.

"मॅलकी, आज कोणावर?" असं विचारायचा अवकाश.

"बसवर!" तो काउंटरवर मूठ आपटायचा. "वीस वर्षं मेली उशिरा येते. माणूस त्या हिशेबाने घरून निघतो. आणि आज ही बया वेळेवर येऊन निघूनसुद्धा गेली! सभ्यता नावाची चीज उरलीय का या देशात?"

त्याची बहीण डिम्ना त्याच्याबरोबर राहायची. ती म्हणे, "आमचा मॅलकी सकाळी उठतो ना, तो आधी रागावतो आणि मग कशावर ते शोधतो."

बाई खरंच बोलत होती. पण एका जागी हा राग थांबायचा. बंबाच्या शेडमध्ये. आमच्याकडे आगीच्या बंबावर पगारी माणसं नसत. छपरावरचा भोंगा वाजला की खाटीक सुरी टाकून धावणार, मास्तर खडू टाकून धावणार आणि मॅलकी समोरच्या गिऱ्हाइकाला आ वासलेलं सोडून धावणार. बंबाचा पंप त्याच्याकडे होता. त्याच्या बापाने तोच पंप हाताने मारला होता, घोडे लावायच्या काळात. रविवारी प्रार्थना आटोपली की मॅलकी तिथे एकटा बसून नळ्यांची पितळेची तोंडं घासायचा, टाकीवर बोटांनी टकटक करून पाणी ऐकायचा. गावात त्याच्या नावावर शेत नव्हतं, बायको नव्हती, एक धड कुत्रंसुद्धा नव्हतं. हा बंब होता. तो काढून घेतला तर मॅलकीचं काय राहील, हे कोणी बोलत नसलं तरी सगळ्यांना कळत होतं. राहील तो नुसता राग.

आता सिनेमाचं. सगळ्या जगावर तो रागावलेला असला तरी सिनेमावाल्यांसाठी त्याने खास वेगळा, वरच्या फळीवरचा राग काढून ठेवला होता. आणि त्याला कारण होतं. तो विशीत असताना लंडनहून एक कंपनी आली होती. त्यांना आमचं गाव शंभर वर्षांपूर्वीचं, दुष्काळातलं हवं होतं. गाव पुरेसं दरिद्री दिसेना, म्हणून त्यांनी रस्त्यावर दलदलीतली काळी माती पसरली आणि सगळ्यांच्या दारांना चिखलाचा रंग दिला. जाताना पुन्हा रंगवून देऊ, असा शब्द होता. मॅलकीची आई दर ईस्टरला आपलं दार लाल रंगवायची, बोटीचा उरलेला रंग मागून आणून. कंपनी गेली. शब्द कंपनीबरोबर गेला. ते वर्ष आईने अंथरुणातच काढलं, आणि तिची शवपेटी चिखलाच्या रंगाच्या दारातून बाहेर आली. पेटी खांद्यावर असताना मॅलकी त्या दाराकडे बघून जे बोलला, ते पाद्रीबाबांनी न ऐकल्यासारखं केलं.

"सगळ्या जगाला आपण एकाच वेषात बघायला हवे असतो," तो म्हणायचा. "फाटके, ओले आणि दारू प्यायलेले. कोरडा आणि शुद्धीत असलेला आयरिश माणूस पडद्यावर कधी बघितलायस? त्याला तिकीट काढून कोण बघणार!"

तर शहात्तर सालचा तो उन्हाळा. तसा उन्हाळा आमच्याकडे आधी कधी पडला नव्हता. गवताच्या काड्या झाल्या, डोंगरावरची काटेरी झुडपं आपोआप पेट घेऊ लागली. दुपारनंतर नळाला पाणी नाही, बागेला पाणी घातलं तर दंड. दर रविवारी पाद्रीबाबा पावसासाठी प्रार्थना म्हणत होते, आणि नेमका तेव्हाच लॉरेन्स हॅल्पिन हा दिग्दर्शक आपला तांडा घेऊन आला. पावसाचा सिनेमा काढायला.

हॅल्पिन बोस्टनचा, पण आजी आमच्या कौंटीतली. त्या आजीचा तो फार उपयोग करायचा. युरोपातल्या कुठल्या कुठल्या महोत्सवांतून बक्षिसं मिळवलेला माणूस, गळ्यात भर उन्हाळ्यात लोकरीचा मफलर. गाव त्याच्यावर लट्टू झालं. ज्याला त्याला गर्दीत उभं राहायचं होतं. खाटीक फाटका कोट घालून, मास्तर अनवाणी, बायका शाली पांघरून धक्क्यावर. अमेरिकेला जाणाऱ्या जहाजाला निरोप देणारी उपाशी गर्दी आम्ही. मिस क्यूसॅकने शालीखाली हॅमचे सँडविच आणले होते आणि उपासमारीच्या मधल्या वेळात ती ते शेजारणींना वाटत होती.

कौंटीच्या कचेरीतून मॅलकीला निरोप आला, पंपावरचा जाणता माणूस म्हणून सिनेमावाल्यांना पाऊस पाडून दे. डिम्ना सांगते, तो निरोप ऐकून तो इतका वेळ गप्प राहिला की तिला वाटलं झटका आला.

पण गेला. गेला तो अटी घेऊन. बंबाला हात लावायचा नाही. बंब शेडमध्ये उभा राहील, टाकी काठोकाठ भरलेली. पाऊस पाडायला तुमचा टँकर आणा, गिरणीच्या तळ्यातून भरा. आणि चॅपलचा बोळ मोकळा राहिला पाहिजे. त्या बोळाच्या दोन्ही बाजूंना दगडी भिंती. बंब तिथून जेमतेम जायचा, आरसे मिटून. वर लॅलींचं गवताने शाकारलेलं घर, आणि त्या घरात म्हातारा थेडी, कमरेपासून खाली लुळा, खिडकीशी खाटेवर. मॅलकीने दुधाचे मोठे पत्र्याचे कॅन आणले, त्यांना लाल पट्टे मारले, त्यांत दगड भरले आणि बोळाच्या तोंडाशी ओळीने उभे केले.

"इथे कोणाची गाडी दिसली," तो हॅल्पिनला म्हणाला, "तर ती मी समुद्रात ढकलीन. तुम्ही आत बसलेले असलात तरी."

"माझी आजी म्हणायची," हॅल्पिन हसून म्हणाला, "या मुलखातली माणसं म्हणजे नुसती आग."

"तुमची आजी इथून पळाली ती बरी पळाली."

पाऊस पाडण्याचे ते दिवस म्हणजे गावाला जत्रा आणि मॅलकीला फाशी. टँकरला पंप लावून, उंच शिडीवरून, नळीच्या तोंडाला चाळण बसवून तो पाणी उडवायचा. खाली हॅल्पिन ओरडायचा.

"मिस्टर टूही, हा पाऊस जरा आनंदी वाटतोय!"

"पाणी आहे ते, साहेब. त्याला काही वाटत नाही."

"थोडा उदास करा. आयरिश करा."

"आयरिशच आहे. आत्ताच तळ्यातून काढलाय, बेडकांसकट."

गर्दी खिदळायची, हॅल्पिन मफलर आवळायचा, आणि वर शिडीवर मॅलकीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. कारण खालच्या बाजूला गावातल्या वाफ्यांतली सॅलडची पानं करपत होती, आणि इथे पाणी नुसतं धक्क्यावरून समुद्रात वाहून जात होतं.

कहर झाला तो एका मंगळवारी. दुपारी खरोखरच आभाळ भरून आलं आणि भुरभुर सुरू झाली. इतक्या आठवड्यांनी! बायकांनी शाली डोक्यावरून काढल्या, खाटकाने तोंड वर करून जीभ बाहेर काढली. आणि हॅल्पिनने दोन्ही हात वर करून काम बंद केलं.

"थांबा, थांबा! पाऊस आला!"

"मग?" मॅलकी वरून म्हणाला. "पाऊसच हवा होता ना?"

"हा नको. हा कॅमेऱ्यात दिसत नाही, फार बारीक आहे. हा थांबू द्या, मग आपण पाऊस सुरू करू."

मॅलकी शिडीवरून खाली उतरला. सगळ्यांना वाटलं, आता हा मारणार. तो हॅल्पिनच्या समोर जाऊन उभा राहिला, केस खऱ्या पावसाने ओले, बाकीचा खोट्या.

"पाद्रीबाबा तीन रविवार याच्यासाठी गुडघ्यावर बसलेत," तो म्हणाला, "आणि तुम्ही याला नापास करता?"

गर्दी हसून लोळली. तो हसला नाही. त्याला आपल्या माणसांच्या हसण्याचा राग जास्त आला. संध्याकाळपर्यंत भुरभुर थांबली, ऊन पुन्हा तापलं आणि काम पुन्हा सुरू झालं.

आता काँसेप्टा लॅली. थेडीची विधवा सून. त्याच घरात पाहुणे ठेवायची, उन्हाळ्यात येणारे डब्लिनचे वगैरे. तरुणपणी ती आणि मॅलकी नाचाच्या हॉलमध्ये इतकी वर्षं जोडीने यायची, की लोकांनी लग्नाच्या भेटीसुद्धा ठरवून टाकल्या होत्या. मग एका रविवारी मॅलकी तिच्या बापाला भेटायला जायचा होता. वाटेत हर्लिंगचा सामना लागला, पंचाने चुकीचा निकाल दिला, आणि मॅलकी त्या पंचाशी अंधार पडेपर्यंत भांडत बसला. वर्ष उलटायच्या आत काँसेप्टाने थेडी लॅलीच्या मुलाशी लग्न केलं. गाव हे प्रकरण अजून चघळतंय, म्हणून तुमच्याही कानावर घातलं. पण त्यातून पुढच्या गोष्टीचा अर्थ लावायला जाऊ नका, साफ चुकाल.

काँसेप्टाला एकच दुःख होतं. सिनेमातली नटी आपल्याकडे उतरेल म्हणून तिने वरच्या खोलीला नवा कागद लावला होता, गुलाबांचा. नटी उतरली लांबच्या मोठ्या हॉटेलात. मिस क्यूसॅक रोज पोस्टात चौकशी करायची, "काय गं काँसेप्टा, गुलाब कसे आहेत?"

शुक्रवारी दुपारी धक्क्यावर निरोपाचा मोठा प्रसंग चालला होता. सगळं गाव गर्दीत. काँसेप्टा पहिल्या रांगेत, काळी शाल, कारण तिचा चेहरा हॅल्पिनला आवडला होता. मॅलकी शिडीवर. पाऊस कोसळत होता, कॅमेरा फिरत होता, आणि भोंगा वाजला.

मॅलकीने नळी हातातून सोडली, पंप बंद केला आणि शिडीवरून जवळजवळ पडतच खाली आला. पाऊस मध्येच तुटला.

"पाऊस कोणी थांबवला?" हॅल्पिन किंचाळला. "कोणी थांबवला पाऊस?"

शेडपर्यंत मॅलकी बूट निथळत धावला. खाटीक आणि मास्तर मागोमाग, दुष्काळाच्या चिंध्यांत. बंब सुरू झाला, धूर चॅपलच्या बाजूला दिसत होता, आणि सगळं नीट चाललं होतं ते बोळाच्या तोंडापर्यंत.

बोळात एक पांढरी कॅरव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घरच, उभी होती. नटीची. जहाजाएवढी लांब, भिंतीपासून भिंतीपर्यंत, काच पुसून लख्ख. चावी घेऊन ड्रायव्हर गावाच्या दुसऱ्या टोकाला जेवणाच्या तंबूत बसला होता. दुधाचे कॅन बाजूला, भिंतीला लावून व्यवस्थित ओळीने ठेवलेले.

"ही इथे कोणी आणली?" मॅलकीचा आवाज फाटला. "कोणी आणली ही?"

गर्दी धक्क्यावरून धावत आली होती. ओली, अनवाणी, चिंध्यांतली गर्दी. सगळेजण आपापल्या पायांकडे बघायला लागले. त्या सकाळी त्या बोळावरून न गेलेलं त्यात कोणी नव्हतं.

विचारायला वेळ नव्हता. नळ्या एकमेकींना जोडत, कॅरव्हॅनच्या खालून सरपटवत त्यांनी वर नेल्या. उन्हाने वाळलेलं शाकार, चिमणीतली ठिणगी. पाणी पोचलं तेव्हा छप्पर पेटलेलं होतं. मॅलकी आणि खाटीक खिडकीतून आत शिरले आणि थेडीला चादरीत गुंडाळून बाहेर घेऊन आले. म्हातारा शुद्धीवर होता. खोकत खोकत म्हणाला, "टूही, तू मला नवरीसारखं उचललंयस, शरम वाटत नाही?" त्यांच्या मागे छप्पर बसलं.

कौंटीच्या इस्पितळात थेडीची छाती काही सावरली नाही. पुढच्या आठवड्यात तो गेला.

प्रेताजवळ जागायला सगळे जमले काँसेप्टाच्या बहिणीच्या घरी. चहा, हॅम, काळी बिअर, कोपऱ्यात बसून जुन्या गोष्टी. मॅलकी आला, पेटीपाशी गुडघ्यावर बसला, उठून काँसेप्टाचा हात हातात घेतला.

"तुझ्या दुःखात आहे मी," तो रीतीप्रमाणे म्हणाला.

तिने मान वर केली नाही. बाकावर कोणी सरकून जागा दिली नाही. मग पाठीमागून कोणीतरी, गिलासात बघत, म्हणालं, "पाण्याला भाव बरा आला म्हणायचा, मॅलकी."

मॅलकी वळला. "काय?"

"काही नाही रे. पाऊस एकदम संपला ना त्या दिवशी. आणि बंब बोळाच्या तोंडाशीच उभा. टाकी भरायला तळ्यावर जाऊन आलात म्हणतात आधी."

"टाकी काठोकाठ होती!"

"असेल. मी काही म्हणत नाही."

खोलीत सगळेच होते. ज्यांनी कॅरव्हॅन बघितली ते, तिला हात लावून नमस्कार करून गेले ते, तिच्या काचेत आपले केस नीट केले ते. मॅलकीने एकेकाकडे बघितलं, शेवटी काँसेप्टाकडे. ती पेटीच्या कडेवरून बोट फिरवत होती. तो टोपी घेऊन बाहेर पडला, आणि फाटकाच्या खांबाला त्याने अशी लाथ मारली की पुढे महिनाभर लंगडत होता. त्या लंगडण्याचाही गावाने अपराधीपणाचा पुरावा केला.

पानगळीत कौंटीचा अधिकारी चौकशीला आला, गारव्ही नावाचा, सभ्य माणूस. गावच्या हॉलमध्ये टेबल लावलं. सिनेमावाले कधीच निघून गेले होते. खाटकाने आणि मास्तरने सांगितलं, टाकी भरलेली होती. गारव्हीने लिहून घेतलं. गाव मागे कुजबुजलं, बंबावरचे एकमेकांना सांभाळणारच.

"टूही," गारव्ही म्हणाला, "कॅन तूच ठेवले होतेस?"

"मीच."

"मग ते हलवले कोणी? सिनेमावाले म्हणतात, गावातल्या कोणाच्या तरी परवानगीशिवाय आम्ही कुठेही गाडी लावली नाही, नाव मात्र सांगत नाहीत. त्याचा अर्थ काय ते मला नीट कळायला हवं. तुला माहीत आहे?"

"माहीत आहे."

सगळा हॉल खुर्च्यांवरून पुढे वाकला. काँसेप्टा मागच्या रांगेत होती, हात मांडीवर.

"तर सांग."

मॅलकी उठला, पण तोंड गारव्हीकडे नव्हतं, गावाकडे होतं.

"बघा बघा, कसे कान टवकारलेत! गाढवं बरी. तुम्ही सगळे त्या बोळावरून गेलात. सगळे! एकालाही तेव्हा म्हणावंसं वाटलं नाही, की अरे, हे कॅन कशाला ठेवलेत? आणि आता नाव हवंय! नाव मिळालं की उद्यापासून माझ्याऐवजी ते चघळणार. मिस क्यूसॅक पुन्हा 'मी काही म्हणत नाही'पासून सुरू करणार. नाही देत! जा, उपाशी मरा. चिंध्या आहेतच तुमच्याकडे!"

"टूही," गारव्ही हळू म्हणाला, "माहिती लपवणारा माणूस मी पंपावर ठेवू शकत नाही. हे तुला कळतंय ना? तुझा बंब जाईल."

मॅलकीचा चेहरा, डिम्ना सांगते, त्या क्षणी लहान मुलासारखा झाला. मग त्याने कमरेची बंबवाल्याची छोटी कुऱ्हाड सोडली, टेबलावर ठेवली, ठेवली म्हणजे आपटली, आणि निघून गेला. शेडची चावी दुसऱ्या दिवशी डिम्नाने नेऊन दिली. शेडवरून जाणारा रस्ता त्याने त्यानंतर सोडला. दुकानात यायला लांबून वळसा घालायचा, आणि भोंगा वाजला की काउंटरची कड दोन्ही हातांनी धरून उभा राहायचा.

दोन वर्षांनी सिनेमा जवळच्या एनिस शहरातल्या थिएटरात लागला. परदेशात त्याची वाहवा झाली होती. गावाने बस केली, डोक्याला तेल लावून, नव्या कोटांत. मॅलकी गेला नाही. डिम्ना गेली, आणि परत आली ती कोट न काढताच खुर्चीत बसली.

"तुझा पाऊस आहे त्यात," ती म्हणाली.

"मग? उदास आहे का पुरेसा?"

"मॅलकी, त्याने ते कापलंच नाही. तू नळी सोडलीस ते. पाऊस मध्येच तुटतो, आणि सगळी माणसं एकदम मान वळवतात, धूर दिसला ना तेव्हा. भोंगा काढून टाकलाय, व्हायोलिन घातलंय. लोक रडतात रे त्या ठिकाणी. पेपरात म्हणे छापून आलंय, असा पाऊस तोडणं फक्त मोठ्या कलावंतालाच सुचतं."

मॅलकीने खुर्ची लाथेने उलटी केली. थेडी लॅली जळत होता आणि जगाने टाळ्या वाजवल्या होत्या.

"अजून एक," डिम्ना म्हणाली. "काँसेप्टाचा चेहरा आहे. जवळून, पडदाभर. बाकी सगळे वर धुराकडे बघतायत. ती नाही. ती खाली बघतेय, बोळाच्या तोंडाकडे. धूर कुठला ते कळायच्या आधीच. मला कळलं, मॅलकी. ती माझ्यापुढच्या रांगेत बसली होती. तिने स्वतःला बघितलं."

सकाळी काँसेप्टा दुकानात आली. गर्दी होती, बाजाराचा दिवस. सिनेमाचीच चर्चा. तिने टोपी काढून काउंटरवर ठेवली.

"मॅलकी, मला सगळ्यांसमोर बोलायचंय."

"दुकानात बोलायचं तर सामानाचं बोल."

"त्या दिवशी सकाळी मी—"

"चूप!" त्याने मूठ अशी आपटली की तराजू उडाला. "चूप बस! यांच्यासमोर? बघ त्यांच्याकडे, जिभा बाहेर आल्यात. दोन वर्षं माझ्यावर पोट भरलं यांचं. आता तुला वाढू का ताटात? ते माझ्या दुकानात होणार नाही."

"तुझा बंब गेला माझ्यामुळे," ती म्हणाली. तिचा आवाज जेमतेम ऐकू येण्याइतका होता.

मॅलकी पुढे वाकला. हे फक्त जवळ उभ्या असलेल्यांनी ऐकलं, आणि ऐकलेल्यांनी, आश्चर्य म्हणजे, पुष्कळ वर्षं कोणाला सांगितलं नाही.

"तू माझी माफी मागायला आलीस, की तुला मोकळं व्हायचंय? मोकळं मी तुला करणार नाही. मला तुझा राग आहे, काँसेप्टा. मरेपर्यंत राहणार. पण तो माझा आहे. या लोकांना वाटून खायला मी तो देत नाही. आता तुला काय हवंय?"

तिने काउंटरवरची टोपी उचलून डोक्यावर घातली.

"खिळे," शेवटी म्हणाली.

त्याने खिळे मोजून दिले, पुडी बांधली, आणि पुढच्या गिऱ्हाइकावर, त्याची काही चूक नसताना, असा खेकसला की तो बिचारा तार न घेताच पळाला.

लोक अजून विचारतात, हे सगळं त्याने जुन्या प्रेमापायी केलं का. एखाद्या सिनेमात तसं दाखवतील, मागे व्हायोलिन वाजवून. तिच्याशी तो पुढे कधी दोन वाक्यं धड बोलला नाही. बंबावर त्याला परत घेतलं नाही. वारला तेव्हा इस्पितळातल्या सूपवर चिडलेला होता. काँसेप्टा त्याच्यामागोमाग दोन हिवाळ्यांनी गेली. आता दोघंही नाहीत, म्हणून सांगायला हरकत नाही.

बंबाची टाकी भरलेली होती. पाणी कोणी विकलं नाही. काँसेप्टा लॅलीने त्या सकाळी दुधाचे कॅन स्वतः बाजूला केले आणि नटीची कॅरव्हॅन आपल्या बोळात लावून घेतली, कारण चॅपलमधून परतणाऱ्या बायकांना ती आपल्या दाराशी दिसावी, असं तिला वाटत होतं.